चार खिळ्यांची गाडी

“बघ पोरी, आरसा झालाय नुसता,” असं म्हणत मामंजींनी खिळा माझ्या तळहातावर ठेवला.

मी तो बल्बखाली धरला. टोकाकडे खरंच लखलखत होता. पण डोक्याजवळ, चाक जिथे घासतं नेमकं तिथे, तो होता तसाच काळाकुट्ट होता. पॉलिश तिथवर पोचलंच नव्हतं.

मला वाटलं, माझी फिरकी घेताहेत. आमच्या घरात ते चालायचं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, नवरा फौजेत, तिकडे आसामात. कंपनीच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी आणि सासरे दोघंच. एकमेकांना टोमणे मारले नाहीत तर दिवस जायचा कसा?

“आरसाच आहे,” मी म्हटलं, “फक्त यात बघणाऱ्याचं अर्धं तोंड काळं दिसेल.”

मामंजी हसले नाहीत. त्यांनी मान किंचित वळवली, लालाचाचा बसले होते त्या दिशेला. लालाचाचांनी माझ्या हातातून खिळा जवळजवळ हिसकावूनच घेतला.

“हिला काय कळतंय,” ते म्हणाले. “अजून एक हात मारायचा हाय याला. चला शंकरराव, धरा पट्टी.”

मामंजी म्हणजे शंकरराव भोईटे, कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. लाला मुलाणी त्याच बसवर क्लीनर. पंपांचा आमचा कारखाना घाटावर होता आणि कॉलनी घाटाखाली. रोज सकाळी आम्हा चाळीसेक बायकांना घेऊन ही दोघं घाट चढायची आणि संध्याकाळी उतरवून आणायची. मी पॅकिंगला होते. मामंजींच्या रिटायरमेंटला वर्ष राहिलं होतं, आणि सगळ्या नोकरीत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नव्हता.

मी भाकरी थापायला उठले, पण तो काळा खिळा डोक्यातून जाईना. शाळकरी पोरालाही दिसला असता. आणि सकाळी मला याच माणसाच्या गाडीत बसून घाट चढायचा होता.

दसऱ्याला कारखान्यात छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत असायची. कुणा जुन्या साहेबाने परदेशात बघून सुरू केलेली. साहेब गेला, खूळ राहिलं. प्रत्येक जोडीला कंपनी एक लाकडी ठोकळा, चार चाकं आणि चार खिळे द्यायची. ठोकळा तासून वीतभर लांबीची गाडी करायची, आणि खिळे हेच तिचे आस. मग शेडमध्ये उंचावरून उतरत आणलेल्या फळीवर ती सोडून द्यायची. ढकलायचं नाही, फुंकर मारायची नाही. जी आधी खाली पोचेल ती जिंकली.

नवखे लोक गाडीच्या रंगावर जीव टाकायचे. जुन्यांना ठाऊक होतं की शर्यत खिळ्यांवर जिंकतात. खिळा दिसायला गुळगुळीत, पण डोक्याखाली साच्याच्या बारीक कडा राहिलेल्या असतात. त्या आधी कानशीने घालवायच्या. मग खिळा हातड्रिलमध्ये पकडायचा. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने पॉलिश पेपरची पट्टी त्यावर धरायची. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, पाण्यात भिजवून. शेवटी कातड्याच्या तुकड्यावर दंतमंजन घेऊन. चाक बसवताना शिसपेन्सिलीची भुकटी टाकायची. तेल चालत नाही, तेलाला धूळ चिकटते.

आमच्याकडे दांडा फिरवायचे लालाचाचा, पट्टी धरायचे मामंजी. तव्यावरची भाकरी उलटता उलटता मी बघत होते. “डोक्याकडं सरका… आणखी… बास. आता हलक्या हातानं.” लालाचाचांचं तोंड सारखं चालू. मामंजींची नजर खिळ्यावर नव्हतीच, ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होती. दांडा थांबला की ते खिळ्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे, मग खिळा खालच्या ओठावरून हळूच ओढायचे. ओठाला एवढीशी कड लागली तरी पुन्हा पट्टी मागायचे. पण काळा डाग काही ओठाला कळत नाही.

“तुम्ही दोघं अगदी नवरा-बायको शोभता,” मी म्हटलं. “एक नुसता बोलतो, दुसरा नुसता ऐकतो.”

“ऐकणारा त्यो नवरा,” लालाचाचा म्हणाले, आणि दोघंही हसले. जरा जास्तच हसले.

बसमध्ये लालाचाचा कधी सीटवर बसत नसत. जुनी गाडी, इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी आतच. त्याच्या बॉनेटवर गोधडी टाकून ते रस्त्याकडे तोंड करून बसायचे, आणि घाट लागला की त्यांचं समालोचन सुरू व्हायचं. पुढच्या सीटसाठी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी राहायच्या.

“चला, डाव्या अंगाला सोनारणीचं वळण. लई नखरेल हाय, दमानं घ्या… झालं. आता सरळ, सरळ, सरळ… समोरनं पाव्हणा येतोय, ट्रक हाय, पोट सुटलंय लेकाचं. घ्या आत, आणखी आत… गेला. आता उजवीकडं दोन आंबं. रामराम करा बायांनो!”

बस हसायची. वर्षभर मीही हसत आले होते.

त्या सकाळी मी कशीबशी पुढची सीट मिळवली, आणि हसायचं सोडून ऐकत राहिले. सोनारीण काढली, पाव्हणा काढला, रामराम काढला, तर खाली काय उरत होतं? डावीकडे. हळू. सरळ. आत घ्या. काल संध्याकाळी खिळ्यावर चाललं होतं तेच इथे स्टीअरिंगवर चाललं होतं.

काहीतरी वेडं मनात आणतेस, असं मी स्वतःला बजावत होते, तेवढ्यात दोन आंब्यांच्या पुढे लालाचाचांना ठसका लागला. पान घशात गेलं असावं. समोर रस्त्याच्या मधोमध म्हैस उभी होती. लख्ख ऊन पडलेलं, शेवटच्या सीटवरूनही दिसावी एवढी म्हैस. गाडीचा वेग कमी झाला नाही. मी मामंजींच्या तोंडाकडे बघितलं. मोकळ्या रस्त्यावरून चालल्यासारखे ते निवांत होते. लालाचाचांनी खोकता खोकताच बॉनेटवर दोन्ही हातांनी थापा मारल्या, आणि तेव्हा कुठे ब्रेक लागला. आम्ही सगळ्या पुढच्या दांड्यांवर आपटलो.

“हिला म्हणावं, आत ये, हजेरी लावू,” डोळ्यांतलं पाणी पुसत लालाचाचा म्हणाले. गाडीत हशा पिकला.

माझ्या शेजारी हौसाबाई होती. मोटारींना तारा गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातली सगळ्यांत जुनी कामगार, तोंडाची फटकळ. ती हसली नाही. कमरेची तंबाखूची पिशवी काढत म्हणाली, “सुटलो.”

मला वाटलं, म्हशीबद्दलच बोलतेय.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मामंजी आंघोळीला गेलेले, आणि लालाचाचा बस धुऊन पुढच्या काचेवर झेंडूचं तोरण बांधत होते. मी तडक त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

“चाचा, मामंजींना दिसत नाही.”

“कोण म्हणतं?”

“खिळा म्हणतो. म्हैस म्हणते.”

त्यांनी गाठ पुरी बांधली. मग इकडे तिकडे बघून खाली उतरले.

“कडंकडंनं दिसतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “मधोमध धूर हाय. रस्त्याच्या कडा दिसत्यात, समोरचं दिसत न्हाई. साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्ला. मिरजेच्या डाक्टरनं सांगितलं, आता परत यायचं न्हाई.”

“कधीपासून?”

“दोन पावसाळं झालं.”

“आणि कंपनीची डोळ्यांची तपासणी?”

“अक्षरांचा तक्ता पाठ हाय त्यांचा. मीच करून घेतला.”

“चाळीस बायका असतात हो गाडीत!”

“मी बी असतो की. मला काय मरायची हौस हाय व्हय?” ते चिडले, आणि लगेच निवले. “वरीस राहिलंय, शालन. आत्ता सांगितलं तर उद्या घरी बसवतील. क्वार्टर जाईल. तुझा दादला तिकडं आसामात, तू कुठं जाशील? आन् त्यांचं काय? भोईटे ड्रायव्हर म्हणून सारा घाट वळखतो त्यांना. आंधळा म्हणून वळखायला लागला तर जगंल व्हय त्यो माणूस?”

“आणि तुम्हाला एक दिवस ताप आला तर?”

“मला ताप येत न्हाई.”

इतकं सरळ, इतकं खात्रीने बोलले ते, की मला रागही आला आणि भीतीही वाटली. दोन वर्षं चाळीस बायकांचा जीव या एका वाक्यावर टांगलेला होता.

“दसरा झाला की मी साहेबांकडे जाणार,” मी म्हटलं. “तुम्ही दोघं या नाहीतर नका येऊ.”

“दसरा हू दे,” ते म्हणाले. “आपुन तिघं बसून बोलू. तवर गप ऱ्हा.”

त्या संध्याकाळी चारी खिळे पुरे झाले. तो काळा खिळा मामंजींनी पहिल्यापासून पुन्हा केला होता, जाड कागदापासून मंजनापर्यंत. त्यांनी चारही खिळे माझ्यासमोर पाटावर ओळीने मांडले.

“नीट बघ,” ते म्हणाले. “काळं न्हाई ना कुठं?”

असं त्यांनी यापूर्वी मला कधी विचारलं नव्हतं. मला कळलंय हे त्यांना कळलं होतं. मी एकेक खिळा उचलून फिरवून बघितला. प्रत्येकात बल्ब दिसत होता.

“नाही मामंजी,” मी म्हटलं. “कुठे नाही.”

दसऱ्याला दुपारी सगळी कॉलनी बायकापोरांसह वर आली. नवे कपडे, सोनं वाटणं, भजी, लाउडस्पीकर. शेडमधल्या फळीवर गाड्या सुटत होत्या. आमची गाडी साधी, रंगही धड नव्हता. पण फळीवर आली की नुसती घरंगळायची नाही, वाहायची. पहिली फेरी जिंकली, दुसरी जिंकली, आणि शेवटच्या फेरीत टूलरूमच्या लाल गाडीला तिने चांगलं हातभर मागे टाकलं. मामंजींना ते दिसलं नसणार. पण लोक ओरडले तेव्हा त्यांनी फेट्याला हात लावला आणि छाती काढून उभे राहिले.

टूलरूमवाल्यांनी लगेच हरकत घेतली. हे कंपनीचे खिळे नव्हेतच, म्हणे. असं पॉलिश हातड्रिलवर होत नाही, बाहेरून तयार स्टीलचे आस आणून बसवलेत. पंच म्हणाले, गाडी उघडू, खिळे काढून तपासणी खात्यात मापू. नोंद लाला मुलाणीच्या नावावर आहे, त्याने हजर राहायचं.

“मी आधी गाडी खाली सोडून येतो,” लालाचाचा घाईने म्हणाले. “दिवस मावळतोय. बाया-पोरं हायत.”

“म्हणजे खाली जाऊन खिळे बदलणार!” टूलरूमचा एकजण म्हणाला आणि बाकीचे फिदीफिदी हसले. “सरळ सांगा ना, लबाडी केली म्हणून.”

मी मामंजींच्या शेजारीच होते. त्यांचं अंग ताठ झालेलं मला जाणवलं.

“लबाडी?” ते म्हणाले. “माझ्या खिळ्यात? लाला, थांब तू. एकेक काढून दाव त्यांना. मी जातो गाडी घेऊन.”

“शंकरराव…”

“थांब म्हटलं ना!”

लालाचाचांनी गर्दीतून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. मग दोघा-तिघांनी त्यांना खांद्याला धरून तपासणी खात्याकडे नेलं, आणि मामंजी लोकांच्या बोलण्याच्या मागोमाग, एक हात भिंतीला लावत, बसकडे चालू लागले.

गर्दीतून वाट काढत मी धावतच गेले, पण गाडी तोवर भरली होती. दोघींच्या सीटवर तिघी, मांडीवर पोरं. सूर्य डोंगराआड गेला होता. टाइमकीपर घाटपांडे बसच्या पत्र्यावर थापा मारत होते. “भोईटे, हलवा! मागे दोन गाड्या खोळंबल्यात तुमच्यामुळे.” मामंजींनी इंजिन चालू केलं. मी दाराच्या पायरीवर पाय ठेवला.

“शालन?” त्यांनी न वळता विचारलं.

“हो.”

“बॉनेटवर बस.”

मी आत येऊन उभी राहिले. लालाचाचांची गोधडी तिथे तशीच पडली होती. इंजिनाने सगळं बॉनेट थरथरत होतं.

“वरीसभर ऐकतीस की,” ते हळूच म्हणाले. आवाजात अजीजी होती, आणि तीच मला सोसवेना. “नुसतं बोलत ऱ्हा. बाकी घाट माझ्या हाताला ठावं हाय. बस पोरी.”

मी बसले असते. खोटं कशाला सांगू, माझा हात गोधडीकडे गेलाही होता. पण बाहेर अंधारत होतं, आणि पहिल्याच सीटवर कुणाचंतरी तान्हं पोर तोंडात मूठ घालून माझ्याकडे टकामका बघत होतं.

“नाही मामंजी. गाडी न्यायची नाही.”

“हळू बोल.”

मी हळू बोलले नाही. मागे वळले आणि ओरडून म्हटलं, “सगळ्या खाली उतरा! मामंजींना दिसत नाही!”

आता किंकाळ्या उठतील, चेंगराचेंगरी होईल, असं मला वाटलं. तसलं काहीच झालं नाही. कुणी जागचं हललं नाही. इंजिन तेवढं धडधडत होतं.

“आमास्नी ठावं न्हाई व्हय?” हौसाबाई म्हणाली.

मी तिच्याकडे वळले.

“लाला कशापायी बडबडतो ते समद्यांस्नी ठावं हाय. दोन वर्सं झाली,” ती म्हणाली. “दुसऱ्या गाडीवर नवा ड्रायव्हर दिला त्यो बघितलास न्हवं? डोळं शाबूत, आन् दुपारपासनं ढोसतोय. त्यापरीस ह्यो आमचा बरा. बस तिथं, आन् बोलायला लाग. पोरं पेंगायला लागली.”

“बस की गं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“उशीर हुतोय, शालन. बस.”

“तुझाच सासरा हाय, तूच बोल.”

पुढच्या सीटसाठी त्या रोज का भांडायच्या, ते मला तेव्हा उमगलं. त्यांना रस्ता डोळ्यांसमोर हवा होता. दोन वर्षं त्या रोज सकाळी वेणीफणी करून, डबा घेऊन, सगळं ठाऊक असून या गाडीत चढत होत्या आणि हसत होत्या. आतापर्यंत मला मामंजींची भीती वाटत होती. आता या बायकांची वाटायला लागली.

“ठावं हुतं?”

मामंजी सीटवर वळून बसले होते. त्यांनी विचारलं मागच्या अंधाराला.

“समद्यांस्नी?”

त्यांनी कान हौसाबाईच्या सीटच्या बाजूला केला.

“हौसाबाई?”

“व्हय दादा,” ती म्हणाली. फटकळ बाई ती, पण हे फार मऊ आवाजात म्हणाली. “तुमच्या जिवाला लागंल म्हून कोण बोललं न्हाई.”

मामंजींनी स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले. कुणाला कळू नये यासाठी या माणसाने तक्ता पाठ केला होता, घाट पाठ केला होता, माझ्यापासूनही सगळं लपवलं होतं. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नाही, त्या दिवशीही ते रडले नाहीत. पण एवढा उंचापुरा गडी सीटवर बसल्या बसल्या लहान दिसायला लागला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यांनी इंजिन बंद केलं.

“उतरा समद्या.”

“अवो पण दादा…”

“उतरा म्हटलं ना!”

माझ्या ओरडण्याने जे झालं नव्हतं ते या एका शब्दाने झालं. पोरं काखोटीला मारून, पिशव्या सावरत, कुरकुरत त्या एकेक करून उतरल्या. माझ्या अंगावरून जाताना एकीनेही वर बघितलं नाही. हौसाबाई शेवटची. ती पायरीवर क्षणभर थांबली, काही बोलणार असं वाटलं, आणि गेली.

खाली घाटपांडे विचारत होते, “अहो काय झालं? भोईटे, काय झालं?” तेवढ्यात तपासणी खात्याकडून टाळ्या आणि शिट्ट्या ऐकू आल्या.

“खिळं पास झालं वाटतं,” मामंजी म्हणाले.

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी चाचपून किल्ली काढली. फेटा नीट केला.

“साहेबाला दे,” ते म्हणाले. “म्हणावं, भोईट्यानं स्वतःच्या हातानं दिली.”

किल्ली त्यांनी पुढे धरली, पण मी उभी होते तिथे नाही, दाराच्या बाजूला, जिथे कुणीच नव्हतं. मी आवाज न करता सरकून तिथे जाऊन उभी राहिले, आणि त्यांच्या हातातून किल्ली घेतली.